डहाणू-तलासरीचे जखमी आणि कंत्राटी शल्यचिकित्सक

४ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारच्या दुपारी, उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली एक मोटार डहाणू तालुक्यातील चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मागील आसनांवर बसलेले दोघे, त्यांत ख्यातनाम उद्योगपती सायरस मिस्त्री, प्राणास मुकले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले. मृतांना जवळच्या कासा येथील सरकारी रुग्णालयात नेण्यात आले. जखमींना मात्र उत्तरेकडे, राज्याची सीमा ओलांडून, गुजरातमधील वापीच्या खासगी रुग्णालयात हलवण्यात आले, आणि तेथून पुढे मुंबईस. त्यानंतर कित्येक दिवस देशभर चर्चा झाली ती पुलाच्या रचनेची, वाहनाच्या वेगाची आणि मागील आसनावरच्या सुरक्षापट्ट्याची. ती चर्चा आवश्यकच होती. परंतु तिच्यात एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही. ज्यांना पैशाची, वाहनांची वा ओळखीपाळखीची कशाचीच वाण नव्हती, अशा जखमींनाही शस्त्रक्रियेसाठी परराज्याची वाट धरावी लागते, तर त्याच रस्त्यावर टेम्पोच्या मागच्या हौद्यात उभ्याने प्रवास करणाऱ्या वारली मजुराची वाट कोणती?

हा प्रश्न एका दुर्दैवी दुपारपुरता नाही. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग मनोर, चारोटी, तलासरी करीत अच्छाडच्या नाक्यावरून गुजरातेत शिरतो. पश्चिम रेल्वेचा मुख्य मार्ग वाणगाव, डहाणू रोड, घोलवड या स्थानकांवरून जातो. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वे आणि वडोदऱ्याहून येणारा द्रुतगती महामार्ग या सर्वांनी याच पट्ट्यातील जमीन घेतली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली ते सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे वाढवण बंदरही डहाणू तालुक्याच्याच किनाऱ्यावर आहे. बंदर उभे राहावयाचे म्हणजे दगड, वाळू आणि कंटेनर यांची अखंड वाहतूक आली. याखेरीज नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले, त्या वेळी माणसांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या, मुलांच्या शाळा तंबूंत भरल्या. ताडाच्या झाडावरून पडणारा, वीटभट्टीवर हात चेंगरणारा, उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत यंत्राखाली बोटे गमावणारा श्रमिक तर या भागात नित्याचाच. ‘राष्ट्रीय विकासा’च्या साऱ्या वाटा ज्या भूमीवरून जातात, तेथे मोडलेले हाड सांधण्याची आणि फुटलेली रक्तवाहिनी बांधण्याची व्यवस्था काय आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या चार लाखांच्या घरात, तलासरीची दीड लाखावर. तलासरीत दर दहांपैकी नऊ माणसे आदिवासी. या साडेपाच लाखांसाठी डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालये, वाणगाव आणि तलासरी येथे ग्रामीण रुग्णालये. इमारती आहेत, पाट्या आहेत, खाटाही आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. त्यानंतर दहा वर्षे लोटली तरी जिल्हा रुग्णालयाची नवी इमारत रुग्णांसाठी खुली झालेली नव्हती, आणि महामार्गालगत मनोरला व्हावयाचे ट्रॉमा केअर सेंटर वर्षानुवर्षे बांधकामातच रेंगाळले. परंतु विटांची कथा येथे दुय्यम समजावी. खरा तुटवडा माणसांचा आहे. केंद्र सरकारच्याच ग्रामीण आरोग्य सांख्यिकीने २०२१-२२ मध्ये नोंदवले की देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडील ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, जितके शल्यचिकित्सक हवेत त्यांपैकी ८३ टक्के नाहीत. सहा जागी एक सर्जन! आणि ही सरासरी संपूर्ण देशाची, सुखवस्तू जिल्हे धरून.

या तुटवड्यावर राज्यकर्त्यांकडे गेली वीस वर्षे एकच औषध आहे, आणि ते म्हणजे कंत्राट. त्याची रूपे अनेक आहेत. पहिले रूप बंधपत्राचे. सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्या पदव्युत्तर डॉक्टराने एक वर्ष सेवा द्यावी, न दिल्यास पन्नास लाख रुपये भरावे. ज्याच्यापाशी पन्नास लाख आहेत तो सुटतो, नसतील तो वर्ष मोजत राहतो. दुसरे रूप २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचे, जे पुढे राष्ट्रीय आरोग्य अभियान झाले. येथे अकरा महिन्यांचा आदेश, मग एखाद्या दिवसाचा तांत्रिक खंड, मग पुन्हा अकरा महिने. बारावा महिना का वगळतात, हे कोणत्याही गिरणी कामगाराला समजावून सांगावे लागणार नाही. तिसरे रूप ‘ऑन कॉल’. खासगी व्यवसाय करणारा सर्जन किंवा भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येणार आणि दर शस्त्रक्रियेमागे ठरलेली रक्कम घेणार. आणि चौथे, सर्वांत अद्ययावत रूप म्हणजे उलटा लिलाव. या पद्धतीत दुर्गम भागात येण्यास तयार असलेल्या तज्ज्ञाने आपली किंमत सांगायची आणि सरकारने ती द्यायची. ‘तुम्ही रक्कम सांगा, आम्ही देतो’ हे या योजनेचे अधिकृत इंग्रजी नावच आहे. ज्या सरकारला कायम पदाचे वेतन परवडत नाही, त्याला बाजारभावाने येणारी बोली परवडते, यातले अर्थशास्त्र तपासण्याजोगे आहे. कायम पद म्हणजे निवृत्तिवेतन, रजा, बढती, संघटना करण्याचा हक्क, अर्थात दीर्घ मुदतीची जबाबदारी. बोली म्हणजे खर्चाच्या रकान्यातील एक नोंद, जी पुढील वर्षी पुसता येते.

तरीही कंत्राटी पद्धतीचा सर्वांत मोठा दोष तिच्यातील पिळवणूक हा नाही. पिळवणूक आहेच, तिच्याविषयी पुढे येईल. परंतु जखमी माणसाच्या बाबतीत ही पद्धत मुळातच निरुपयोगी आहे, आणि हे कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घेतले पाहिजे.

मांडीचे हाड मोडले तर माणसाचे लिटरभर रक्त त्वचेला ओरखडा न उमटता आतल्या आत वाहून जाऊ शकते. पाणथरी फाटली, तर वरून ठीक दिसणारा, बोलणारा रुग्ण तासाभरात थंड पडतो. फुफ्फुसाभोवती हवा कोंडली, तर जे करायचे ते मिनिटांत करावे लागते. अमेरिकेतील बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक अॅडम्स काउली यांनी या वेळेला ‘सुवर्ण तास’ असे नाव दिले. आपल्या मोटार वाहन कायद्यानेही २०१९ च्या दुरुस्तीत ते स्वीकारले. आता या तासात लागते काय? एकटा सर्जन पुरत नाही. त्याच्या शेजारी भूलतज्ज्ञ हवा, मोडलेल्या हाडासाठी अस्थिरोगतज्ज्ञ हवा, जखमीचा रक्तगट जुळवून चार पिशव्या देऊ शकणारी रक्ताची सोय हवी, रात्री दोन वाजता क्ष-किरण यंत्र चालवणारा तंत्रज्ञ हवा, आणि शस्त्रक्रियागृहातील अशी परिचारिका हवी जिला न सांगता कळते की सर्जनला पुढच्या क्षणी कोणते हत्यार लागणार. ही माणसे एकमेकांना ओळखणारी हवीत. नाटकाची मंडळी तालमीविना प्रयोग लावीत नाहीत, येथे मात्र पाच अनोळखी माणसांनी मध्यरात्री येऊन प्राण वाचवावेत अशी अपेक्षा!

आणि या चमूच्या कामाचा मोठा भाग कोणता? वाट पाहणे. अग्निशामक दलाचा जवान जसा बहुतेक तास आग विझवीत नसतो, तरीही त्याचे प्रत्येक तासाचे वेतन योग्यच असते, तसेच हे काम. आज रात्री एकही जखमी आला नाही तर चमू निरुद्योगी ठरत नाही, कारण तो सज्ज होता. प्रकरणामागे मोबदला देणारी पद्धत मात्र कापण्याचे पैसे देते, सज्ज राहण्याचे देत नाही. ‘ऑन कॉल’ची पद्धत रुजली ती प्रामुख्याने प्रसूतिशस्त्रक्रियांसाठी. तेथे गर्भवतीची नोंद आधीपासून असते, तारीख अंदाजे ठाऊक असते, बऱ्याच वेळा तज्ज्ञाला बोलावून घेण्याइतकी उसंत असते. महामार्गावरचा टँकर तारीख देऊन उलटत नाही. वापीत वा बोईसरमध्ये आपला दवाखाना चालवणाऱ्या सर्जनला दूरध्वनी जाणार, तो हातातला रुग्ण सोडून निघणार, चारोटी नाक्यावरच्या गर्दीतून पोहोचणार, तोवर भूलतज्ज्ञाचा दूरध्वनी लागलेला असेल अथवा नसेल. सुवर्ण तास तोवर सरलेला असतो. दोष त्या सर्जनचा नाही. त्याच्या मिळकतीचा हिशेब सरकारनेच असा बांधून दिला आहे की सज्ज राहण्यात त्याचे नुकसान आणि दूर राहण्यात फायदा.

दिल्लीच्या नियोजनकारांना हे समजत नव्हते असे नाही. अकराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे २००७ ते २०१२ या काळात, राष्ट्रीय महामार्गांवर साधारण शंभर किलोमीटरला एक या हिशेबाने १४० ट्रॉमा केंद्रे सरकारी रुग्णालयांत उभारण्याचे ठरले. बाराव्या योजनेत आणखी ८५ आली. इमारत, यंत्रे, रुग्णवाहिका यांना पैसा मिळाला. माणसांच्या वेतनाचा भार मात्र केंद्राने ठराविक मुदतीपुरताच उचलावयाचा आणि पुढे राज्यांनी पाहावे, अशी ही मांडणी होती. म्हणजे यंत्र कायमचे आणि माणूस मुदतीचा. मुदत संपली की यंत्रावर धूळ.

अशा व्यवस्थेत छोट्या सरकारी रुग्णालयाचे प्रमुख उत्पादन एकच उरते, आणि डहाणू-तलासरीतील प्रत्येक पाड्याला ते एका शब्दाने ठाऊक आहे : ‘रेफर’. जखमेला पट्टी, शिरेत सलाईन, हातात चिठ्ठी, आणि पुढे. पुढे म्हणजे वापी, वलसाड किंवा सिल्वासा. सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयाला विनोबा भावे यांचे नाव आहे, आणि महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यातील कितीतरी रुग्णांचा भार ते सोसते. किंवा मग पुढे म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरवरची मुंबई. या वाटेवर काय होऊ शकते, हे ३१ जुलै २०२५ रोजी शेजारच्या पालघर शहरात दिसून आले. झाडाची फांदी पडून जखमी झालेल्या एका महिलेस उपचारासाठी मुंबईला नेण्याचे ठरले. रुग्णवाहिका महामार्गावरच्या वाहतूक कोंडीत तासन् तास अडकली आणि त्या मरण पावल्या. पालघर तर जिल्ह्याचे मुख्यालय! तलासरीच्या डोंगरपट्टीतून निघणाऱ्या रुग्णवाहिकेला त्याच कोंडीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच साठ-सत्तर किलोमीटर तोडावे लागतात. जखमीसोबत गेलेल्या माणसाची मजुरी बुडते, परराज्यातील खासगी रुग्णालयात अनामत मागितली जाते, ती सावकाराकडून किंवा वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेऊन भरली जाते. ज्या भूमीवर १९४५ साली कॉम्रेड शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची गुलामी मोडून काढली, तेथे एका अपघाताची चिठ्ठी माणसाला पुन्हा उचलीच्या फासात नेऊन घालते.

आता त्या कंत्राटी सर्जनकडे पाहू. पाड्यावरच्या संतप्त माणसाला तोच समोर दिसतो, म्हणून शिव्या त्यालाच बसतात, प्रसंगी मारही. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ही गोष्ट कोणालाच भूषणावह नाही. बंधपत्रावर आलेला हा तरुण तिशीच्या आसपासचा असतो. मोठ्या महाविद्यालयात त्याने शस्त्रक्रिया शिकलेली असते ती वरिष्ठाच्या नजरेखाली, सर्व साधने हाताशी असताना. येथे तो एकटा पडतो. भूलतज्ज्ञ नसताना पोट उघडले आणि रुग्ण दगावला, तर गुन्हा त्याच्यावर. उघडले नाही आणि रुग्ण वाटेत दगावला, तर कागदावर ‘रेफर’ असे लिहिलेले असते आणि तो सुरक्षित राहतो. अकरा महिन्यांनी ज्याला आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो कोणती जोखीम पत्करील? आणि पत्करावी असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? शल्यचिकित्सेत हिंमत ही स्वभावातून थोडी येते, पाठीशी उभ्या असलेल्या व्यवस्थेतून अधिक येते. जखमेचे काम रोज केले तरच हात तयार राहतो. दर अकरा महिन्यांनी सर्जन बदलला, तर शस्त्रक्रियागृहाला दरवर्षी अ-आ-इ पासून आरंभ करावा लागतो.

‘तात्पुरते’ या शब्दाचा पालघरच्या आदिवासी भागाने घेतलेला अनुभवही जुना आहे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ मध्ये बालमृत्यूंचे थैमान झाले. त्यानंतर १९९५ साली राज्याने नवसंजीवन योजना आणली. तिच्यातून पाड्यापाड्यांवर फिरणारी भरारी पथके आली आणि त्यांवर ‘मानसेवी’ वैद्यकीय अधिकारी नेमले गेले. शब्द किती सुंदर! मानाने सेवा करणारा, म्हणून वेतनाऐवजी मानधन. पावसाळ्यात ओढे ओलांडून जाणाऱ्या या आयुर्वेद पदवीधर डॉक्टरांनी एक पिढी याच नावाखाली काढली, आणि २४ हजारांचे मानधन ४० हजारांवर नेण्यासाठीही त्यांना वर्षानुवर्षे मंत्रालयाचे उंबरठे झिजवावे लागले. कुपोषण कायम, पावसाळा कायम, पाडे कायम. तात्पुरता होता तो केवळ डॉक्टर. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या दहाव्या कलमाने एक साधी कसोटी घालून दिली होती : काम बारमाही आहे काय? तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने मोडीत काढला, आणि सरकारने स्वतः नेमलेल्या डॉक्टरांना तो तसाही लागू नव्हता. पण ती कसोटी न्यायाची होती, आणि महामार्गावरचे अपघात बारमाही आहेत की नाहीत हे ठरवायला न्यायाधीशाची गरज नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली.

न्यायालयांनी तर आपले म्हणणे केव्हाच सांगून टाकले आहे. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जखमीला तात्काळ उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी वा खासगी, कर्तव्य आहे. १९९६ चा निर्णय कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावा, कारण तो शेतमजुरांच्या संघटनेने मिळवला. पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख हा शेतमजूर जुलै १९९२ मध्ये रेल्वेगाडीतून पडला, डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परतवले, आणि अखेर खासगी रुग्णालयात पैसे मोजून त्याचा जीव वाचला. पश्चिम बंग खेत मजदूर समिती त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने सांगितले की वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची चणचण ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्या वेळी तेथे डाव्या आघाडीचे सरकार होते, हेही लपवण्याचे कारण नाही. जखमी माणसाला नाकारणारे दार कोणाच्या राजवटीतले आहे, याने त्याच्या रक्तस्रावात फरक पडत नाही.

कंत्राटाच्या बाजूने मात्र न्यायालयाचा काटा डगमगत राहिला आहे. २००६ च्या उमादेवी प्रकरणातील निकालाने तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांना कायम होण्याचा हक्क नाही असे ठरवले, आणि सरकारांनी त्याचा ढाल म्हणून वापर केला. पुढे २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने समान कामाला समान वेतन तात्पुरत्यांनाही दिले पाहिजे असे सांगितले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात सरकारनेच दीर्घकाळ तात्पुरते राबवून घेण्याच्या प्रवृत्तीवर कठोर शब्दांत टीका केली. परंतु निकालापेक्षा रस्त्याने अधिक शिकवले. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि तरुणांच्या संतापापुढे ऑक्टोबरात तो मागे घेतला. त्याच ऑक्टोबरात आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी संपावर गेले. त्यातून दहा वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा १४ मार्च २०२४ चा शासन निर्णय आला. आणि त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून त्यांनाच ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संप करावा लागला. दहा वर्षे हंगामी राहिल्यावर नोकरीचा विचार करणारी ही व्यवस्था ट्रॉमा सर्जनला दहा वर्षे तलासरीत थांबवील, यावर कोण विश्वास ठेवील?

दरम्यान केंद्राने ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवसांच्या मर्यादेत, रोकडरहित उपचारांची योजना लागू केली. तीही न्यायालयाने कान पिळल्यावर. योजनेचे स्वागतच करावयास हवे. उचल घेण्याची पाळी काहींवरून तरी तिने टळेल. पण दीड लाखाचे हे पत्र घेऊन जखमी जाणार कोठे? जेथे सर्जन आहे तेथे. सरकारी रुग्णालयात चमू नसेल, तर सार्वजनिक तिजोरीतला हा पैसा वापीच्या आणि मुंबईच्या खासगी खाटांकडे वाहत जाईल, आणि कासाची खाट रिकामी राहील. विम्याचा पैसा रुग्णामागे धावतो. तो रुग्णाच्या आधी पोहोचून शस्त्रक्रियागृह उभारत नाही.

‘कायम पदे भरा’ एवढीच घोषणा मात्र येथे पुरेशी नाही, आणि हे स्वतःशी कबूल केले पाहिजे. कायम पदे असतानाही ती रिक्त राहिली आहेत. नेमणूक डहाणूला आणि प्रतिनियुक्ती ठाण्याला, हा जुना खेळ प्रत्येक कार्यकर्त्याने पाहिलेला आहे. दिवसा सरकारी खुर्ची आणि संध्याकाळी स्वतःचा दवाखाना, हाही. १९४६ साली भोर समितीने पूर्णवेळ वेतनावरील, खासगी व्यवसायास बंदी असलेल्या सरकारी डॉक्टरांची शिफारस केली होती. ती निम्मीच अमलात आली आणि उरलेल्या अर्ध्या भागातून आजचा बाजार उगवला. उलट बाजूने, तात्पुरता डॉक्टर ही संकल्पनाच त्याज्य आहे असेही नाही. कायम सर्जन रजेवर गेला, आजारी पडला, प्रशिक्षणाला गेला, तर बदली डॉक्टर हवाच. परंतु बदली असते ती कोणाच्या तरी जागी, आणि तलासरीत ती जागाच मोकळी असते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची रुग्णालये १९४८ पासून मुख्यतः पगारी डॉक्टरांवर उभी आहेत. तेथेही कायम पदे अपुरी पडत गेली तसे एजन्सीकडून येणाऱ्या बदली डॉक्टरांचे दर असे भडकले की २०१५ साली सरकारला त्या दरांवर कमाल मर्यादा घालावी लागली. बदलीच मुख्य झाली की काटकसरही होत नाही, हा धडा श्रीमंत देशाने स्वतःच्या खिशातून घेतला आहे.

तामिळनाडूचा अनुभव अधिक जवळचा. तेथे ग्रामीण सरकारी सेवेत राहिलेल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर शिक्षणात जागा राखून ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. केंद्रीय नियमांनी ती अडवली तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने लढा दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा हा अधिकार मान्य केला. प्राथमिक केंद्रात काम केलेला डॉक्टर सर्जन होऊन सरकारी सेवेतच परततो, असा हा मार्ग. डिसेंबर २०२१ पासून त्याच राज्याने अपघातानंतरच्या पहिल्या ४८ तासांच्या मोफत उपचाराची योजना चालवली, पण तिला हात देणारे सर्जन सरकारी रुग्णालयांत आधीपासून होते. क्रम महत्त्वाचा आहे.

डहाणू-तलासरीपुरती मागणी म्हणूनच नेमकी असली पाहिजे. एकेकटे ‘तज्ज्ञाचे पद’ मागू नये, संपूर्ण चमू मागावा. चार रुग्णालयांत एकेक सर्जन विखरून टाकण्यापेक्षा महामार्गाला खेटून असलेल्या कासा येथे तीन पाळ्यांचा पूर्ण चमू उभा राहिला, तर तो तलासरी, डहाणू, विक्रमगड आणि जव्हारलाही उपयोगी पडेल. दोन सर्जन, दोन अस्थिरोगतज्ज्ञ, तीन भूलतज्ज्ञ, चोवीस तास रक्ताची सोय आणि स्वतःच्या परिचारिका, सर्व कायम पदांवर. खासगी व्यवसायाला बंदी आणि तिच्या बदल्यात पुरेसा भत्ता. राहण्यास ओल न गळणारे घर. मुलांच्या शाळेचा प्रश्नही डॉक्टरची चैन समजू नये, त्याच कारणासाठी शिक्षक आणि तलाठीही येथून बदली मागतात. आणि पाच वर्षे सेवा देणाऱ्यास उच्च शिक्षणात प्राधान्य. याचा खर्च किती, असे विचारणाऱ्यांना ७६ हजार कोटींच्या बंदराचा आकडा दाखवावा. बंदराचा प्रत्येक ट्रक याच रस्त्याने जाणार असेल, तर बंदराच्या खर्चातच या चमूचा खर्च धरला जावा, ही मागणी आतापासून लावून धरली पाहिजे. बंदर पूर्ण झाल्यावर ती कोणी ऐकणार नाही.

मागणीला आधार लागतो तो नोंदींचा. डहाणू, कासा, वाणगाव आणि तलासरी या चारही रुग्णालयांतून गेल्या तीन वर्षांत किती जखमींना पुढे पाठवले, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, कोणत्या कारणाने, त्या वेळी सर्जन आणि भूलतज्ज्ञ उपस्थित होते काय, मंजूर पदे किती, भरलेली किती आणि त्यांतील प्रतिनियुक्तीवर बाहेर किती, ही माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तालुका समित्यांनी रुग्णांची नावे न मागता मिळवावी. पुढे पाठवलेल्यांपैकी पोहोचले किती, हे कोणत्याही सरकारी वहीत सापडणार नाही. ते पाड्यापाड्यांवर जाऊन विचारावे लागेल. रुग्ण कल्याण समित्यांच्या बैठका होतात की कागदावरच भरतात, हेही पाहावे. कंत्राटी डॉक्टर आणि परिचारिका यांच्या संपाच्या दिवशी रुग्णालयाच्या फाटकावर किसान सभेचे आणि आदिवासी संघटनांचे कार्यकर्ते त्यांच्या बाजूला उभे दिसले पाहिजेत, आणि संपकऱ्यांनीही अपघात विभाग चालू ठेवून त्यांची साथ मिळवली पाहिजे. माहितीचे अर्ज येत्या ग्रामसभांपूर्वी दाखल झाले, तर उत्तरे ग्रामसभांसमोर वाचून दाखवता येतील, आणि कासाच्या चमूचा ठराव अनुसूचित क्षेत्रातील या ग्रामसभांच्या नावानेच जिल्हाधिकारी आणि आरोग्य विभागाकडे पाठवता येईल.